पांढरा उंदीर आला कुठून? परळ, प्लेग आणि तळहातावरचा पाहुणा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे एपिसोडचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेली वाक्यं सरळ केलीत.

भातकापणी सुरू झाली की मला आमच्या मुरबाड आणि शहापूरकडून दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिल्यात फोटो असतो. बांधावरचं बीळ फुटलंय, आत डोळेसुद्धा न उघडलेली गुलाबी पिल्लं. खाली प्रश्न: "दादा, ही घरी पाळता येतील का?" दुसरा मेसेज जरा घाबरलेला असतो. कल्याणला दुकानातून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली होती, आता पिंजऱ्यात अठरा झालेत, घरचे ओरडतायत, काय करू?

मी काही प्राण्यांचा डॉक्टर नाही. बीटेक करून दिवसभर कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात इतिहास वाचतो. पण या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासातच आहेत, आणि त्यातला बराच इतिहास आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, परळला घडलाय. आसनगावहून लोकल धरा, दादरला गाडी बदला, पुढचं स्टेशन परळ. आज तिथेच जाऊ.

आधी नावं नीट लावू

आपण सगळ्यालाच उंदीर म्हणतो आणि गोंधळ इथेच सुरू होतो. घरात रात्री किचनच्या ओट्यावर पळतो तो एक छोटा उंदीर. त्याचं शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. पूर्ण वाढ झाली तरी वजन पंचवीस-तीस ग्रॅम. कौलांत, माळ्यावर राहतो तो लांब शेपटीचा काळा उंदीर, तो बराच मोठा. गटारात आणि शेताच्या बांधात असते ती घूस. चिचुंद्री तर उंदीर नाहीच. ती किडे खाणारी, वेगळ्याच कुळातली.

दुकानात मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा छोटा उंदीर हा पहिल्याचा, म्हणजे मस मस्क्युलसचा पाळीव वंशज. आणि भाताच्या बांधातल्या बिळात सापडणारी पिल्लं बऱ्याचदा शेतातल्या घुशीची असतात. ती घूस मोठी झाली की पाव किलोच्या आसपास जाते, आणि तिचे दात बांध पोखरण्यासाठीच बनलेत. डोळे न उघडलेलं गुलाबी पिल्लू बघून ते नेमकं कोणाचं हे ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जातं.

परळ, पहिली फेरी: उंदीर म्हणजे मरण

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांमध्ये ताप आणि जांघेत, काखेत गाठी दिसल्या. त्यांनी ओळखलं, हा गाठीचा प्लेग आहे. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले आणि साथ त्यांच्याबरोबर पसरली. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. आपण कोविडमध्ये ज्या कायद्याचं नाव ऐकलं, तोच हा. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या काळातला शब्द आहे "उंदीर पडणे". माळ्यावरून मेलेले उंदीर खाली पडायला लागले की लोक समजायचे, आता घर सोडायचं. महाराष्ट्रात गावंच्या गावं रानात, शेतात झोपड्या बांधून राहिली. उंदीर आणि प्लेग यांचा काहीतरी संबंध आहे हे लोकांना दिसत होतं. संबंध नेमका काय, हे मात्र डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मुंबईत वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

दरम्यान १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेगने मरायला टेकलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि त्याच भांड्यात जाळीपलीकडे एक निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. म्हणजे रोग नेणारी पिसू. पण बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी यावर विश्वास ठेवला नाही.

त्यावर शिक्कामोर्तब झालं परळला. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने तिथे मुद्दाम छोट्या झोपड्या बांधल्या आणि त्यांत गिनीपिग ठेवून तपासलं. पिसवा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना प्लेग झाला. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी वाचले. पिसवाच नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी प्राणी शेजारी शेजारी राहूनही रोग पसरला नाही.

सॉफ्टवेअरवाल्याला ही गोष्ट लगेच कळते. सगळ्यांना वाटत होतं चूक एका मॉड्यूलमध्ये आहे, ती निघाली दोन मॉड्यूलच्या मधल्या जोडणीत. यातूनच सुरक्षित हाताळणीचा पहिला नियम निघतो. धोका नुसत्या उंदराचा नसतो. त्याच्या अंगावर काय आहे, तो कुठून आला, कोणाच्या संपर्कात होता, यावर तो ठरतो. आणि प्लेग म्हणजे फक्त आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट असंही समजू नका. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेगने पुन्हा डोकं वर काढलं होतं.

त्याच काळात समुद्रापलीकडे

आता गंमत बघा. मुंबईत प्लेग आला १८९६ ला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १८९५ मध्ये, इंग्लंडमध्ये वॉल्टर मॅक्सी नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने नॅशनल माऊस क्लब स्थापन झाला. कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं तसं उंदरांचं! रंग, कानांचा आकार, शेपटीची लांबी, शांत स्वभाव यावर बक्षिसं. एकीकडे उंदीर दिसला की गाव सोडायचं आणि दुसरीकडे उंदराला पदक.

हा नाद इंग्रजांनी सुरू केलेला नाही. जपानमध्ये हा छंद त्याच्या शंभर वर्षं आधीच रुळलेला होता. १७८७ मध्ये तिथे "चिंगान सोदातेगुसा" नावाचं छोटं पुस्तक छापलं गेलं. विषय काय, तर वेगवेगळ्या रंगांचे उंदीर कसे वाढवायचे, कोणाची जोडी कोणाशी लावली तर कसली पिल्लं मिळतात. मेंडेलचे वाटाणे अजून ऐंशी वर्षं लांब होते, आणि जपानी शौकीन आनुवंशिकतेचं गणित पिंजऱ्यात मांडून बसले होते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. चांगल्या लोंब्या निवडून बियाणं ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा निवडायचं. कर्जत-३ सारखं भाताचं वाण असंच निवडीतून आणि संकरातून तयार होतं. उंदराचंही तसंच झालं. जो चावला नाही, हात दिसल्यावर पिसाळला नाही, ज्याच्या मादीने पिल्लं टाकून दिली नाहीत, त्याची पुढची पिढी ठेवली. शेकडो पिढ्यांनंतर जो उरला तो तळहातावर बसणारा उंदीर. हा उंदीर रानात सापडत नाही. माणसाने तो घडवलाय.

सात सेंट तासाला

आता अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी नावाचं खेडं. तिथे ॲबी लेथ्रोप नावाच्या बाई होत्या, आधी शाळामास्तरीण. कोंबडीपालन करून बघितलं, जमलं नाही. मग १९०० च्या सुमारास त्यांनी पाळीव उंदीर विकायला सुरुवात केली. घरातल्या लोकांना छंद म्हणून उंदीर हवे होते. पण थोड्याच दिवसांत हार्वर्डसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळा मागणी करायला लागल्या. एका वेळी त्यांच्याकडे अकरा हजारांच्या वर उंदीर होते. गावातली पोरं तासाला सात सेंट घेऊन पिंजरे साफ करायची.

या बाईंचं खरं काम म्हणजे नोंदी. कोणता उंदीर कोणाचा, कधी जन्मला, कशाने मेला, सगळं वहीत. नोंदी बघताना त्यांच्या लक्षात आलं की काही घराण्यांतल्या माद्यांना गाठी जास्त होतात. त्यांनी लिओ लोब या शास्त्रज्ञाला कळवलं, आणि १९१३ पासून दोघांच्या नावावर शोधनिबंध यायला लागले. मादीचं बीजकोश काढलं तर स्तनाच्या गाठी कमी होतात, म्हणजे या रोगाचा संप्रेरकांशी संबंध आहे, असं त्यांनी दाखवलं. पदवीचा अभ्यास न केलेली, खेड्यात उंदीर विकणारी बाई कर्करोगाच्या संशोधनात उतरली, ती फक्त नीट ठेवलेल्या वहीच्या जोरावर!

त्यांच्याच ५७ नंबरच्या मादीच्या वंशातून १९२१ मध्ये "सी ५७ ब्लॅक" हे प्रसिद्ध वाण निघालं. वीस पिढ्या सख्ख्या भावंडांची जोडी लावत गेलं की वाणातले सगळे उंदीर जवळजवळ एकमेकांची कॉपी होतात. मग प्रयोगात फरक दिसला तर तो औषधाचा आहे, उंदराचा नाही, हे छातीठोक सांगता येतं. २००२ मध्ये उंदराचा जीनोम पहिल्यांदा वाचून जाहीर झाला तो याच वाणाचा. आणि पांढऱ्यांची गोष्ट: भारतातल्या प्रयोगशाळांत सर्रास दिसणारा "स्विस" उंदीर १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून अमेरिकेत नेलेल्या दोन नर आणि सात माद्यांपासून वाढलाय. नऊ उंदरांचं खानदान, जगभर पसरलेलं.

परळ, दुसरी फेरी: उंदीर म्हणजे सोबती

आता पुन्हा परळ. हाफकिनमध्ये १९३२ ला साहिब सिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात प्लेगच्या लसीची ताकद मोजण्यासाठी पांढरे उंदीर वापरले जाऊ लागले. ज्या प्राण्याच्या नावाने शहर रिकामं झालं होतं, त्याचाच पाळीव भाऊ आता लस चांगली की वाईट हे सांगत होता.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. "टाटाला नेलंय" हे वाक्य शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक गावात कधी ना कधी ऐकलेलं असतं. या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली एक मराठी बाई कामाला लागल्या. त्या म्हणजे कमल रणदिवे.

मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आधी त्यांनी वनस्पतींवर काम केलं, सीताफळाच्या कुळाच्या पेशींवर. मुंबईत आल्यावर स्तनाच्या कर्करोगावर, आणि त्यासाठी उंदीर. १९४९ मध्ये पीएचडी. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या. अमेरिकेत राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. १९५२ मध्ये परळला स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी हे तंत्र रुजवलं.

त्या काळी एक मोठा प्रश्न होता. स्तनाचा कर्करोग आईकडून मुलीकडे जातो तो रक्तातून, दुधातून की संप्रेरकांमुळे? १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं होतं की उंदरांमध्ये काहीतरी दुधातून जातं. कर्करोग होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मल्याबरोबर दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली तर त्यांच्यातलं रोगाचं प्रमाण घटायचं. ते "काहीतरी" म्हणजे एक विषाणू निघाला. रणदिवेबाईंनी संप्रेरकं, आनुवंशिकता आणि हा विषाणू यांचं एकमेकांशी असलेलं नातं तपासलं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो: दुधातून जाणारा हा विषाणू उंदरांचा आहे. त्यावरून कोणी आईने बाळाला पाजायचं थांबवू नये.

आणि या कामासाठी परळमध्ये आपलं स्वतःचं उंदराचं वाण तयार झालं. त्याचं नाव संस्थेच्याच नावावरून, "आयसीआरसी". त्यातल्या माद्यांना स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो, म्हणून अभ्यासाला उपयोगी. मुंबईत जन्मलेला, मुंबईचं नाव लावणारा उंदीर!

बाई पुढे १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेसोबत त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. अकोले म्हणजे शहापूरच्या आजोबा डोंगराच्या पलीकडचा तालुका, आपला शेजारच. २००१ मध्ये त्या गेल्या.

मला या सगळ्यात एकच धागा दिसतो. जपानी शौकीन, ग्रॅनबीची शिक्षिका, परळच्या बाई. यांनी उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, रोगराईपासून वेगळं ठेवलं, प्रत्येकाची नोंद ठेवली. पाळीव उंदीर सुरक्षित वाटतो त्याचं कारण ही सगळी मेहनत. रानातल्या पिल्लाच्या मागे यातलं काहीच नसतं.

मग बिळातल्या पिल्लांचं काय?

उत्तर: पाळू नका. उचलूही नका.

पहिलं कारण लेप्टो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीतून बाहेर पडतात. तो उंदीर स्वतः ठणठणीत दिसतो. जंतू पाण्यात, चिखलात टिकतात आणि आपल्या पायावरच्या जखमेतून, भेगांतून आत शिरतात. जर्मनीत अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. जंतू सापडला १९१५ च्या सुमारास जपानमध्ये, खाणीत पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या मजुरांच्या आजाराचा शोध घेताना. चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पूर ओसरल्यावर लेप्टोचे रुग्ण वाढले.

दुसरं कारण साप. उंदराच्या बिळात धामण शिरते तसा नागही शिरतो. पिल्लं दिसली म्हणून बिळात हात घालणं म्हणजे आत कोण बसलंय हे न बघता दार उघडणं. आपल्याकडच्या कातकरी आणि ठाकूर समाजातल्या जाणत्या माणसांना बघा. बिळाला तोंडं किती, ताजी माती कुठल्या तोंडाशी, आत कोण असेल, हे ते खोदायच्या आधी वाचतात. ते ज्ञान पिढ्यांचं आहे. मोबाइलवर रील बघून ते येत नाही.

तिसरं कारण त्या पिल्लाच्या बाजूचं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला सतत ऊब आणि थोड्या थोड्या वेळाने दूध लागतं, रात्रीसुद्धा. बहुतेक पिल्लं आईशिवाय जगत नाहीत. जगलंच, तर मोठं होऊन ते रानातलंच वागतं.

कायद्याचं विचाराल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांत होते, कावळा आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या पंगतीत. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुठल्याही प्राण्याला अंग हलवता येणार नाही एवढ्याशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. "उंदीरच तर आहे" म्हणून सुटका नाही.

पांढरा उंदीर घरी आहे, तर हे पाळा

शेपटीने उचलू नका. सिनेमात तसंच दाखवतात, बऱ्याच प्रयोगशाळांतही वर्षानुवर्षं तसंच चालायचं. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर माणसाला घाबरतात, आणि नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले उंदीर उलट हाताकडे स्वतः येतात. पुठ्ठ्याची नळी पिंजऱ्यात ठेवा. उंदीर आत गेला की नळीच उचला. सवय झाली की ओंजळ करा. घाबरलेला उंदीर चावतो, म्हणून त्याची भीती घालवणं ही तुमचीच सुरक्षितता.

खाली बसून हाताळा. उभं राहून नको. बिआट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेची हंका मंका नावाची लाडकी उंदरीण, जिच्यावर १९०४ चं तिचं पुस्तक आहे, ती उंचावरून पडूनच गेली. गादीवर किंवा जमिनीवर मांडी घालून बसा. लहान मुलं हाताळणार असतील तर मोठं माणूस शेजारी हवंच.

हात आधी आणि नंतर धुवा. आधी का? बोटांना भजीचा वास असेल तर तो बोटालाच खाऊ समजेल. नंतर का, ते वर सांगितलंच. तोंडाजवळ नेणं, पापी घेणं, जेवताना ताटाशेजारी सोडणं बंद. घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल किंवा केमोथेरपी वगैरेंमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस असेल तर त्यांनी पिंजरा साफ करू नये. खरं तर अशा घरात उंदीर आणूच नये.

रानातल्या उंदरांशी संपर्क नको. पाळीव उंदीर स्वच्छ आहे तो वेगळा ठेवलाय तोवरच. घरातला उंदीर रात्री पिंजऱ्यावर चढला, मुतला, की सगळी भिंत पडली. पिंजरा उंच टेबलावर, झाकून. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात. छोटा उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून निसटतो, म्हणून जाळी बारीक हवी. खळ्यावरचा पेंढा किंवा तूस सरळ आणून अंथरू नका. प्रयोगशाळेत भाताचा तूसच वापरतात, पण निर्जंतुक करून. आपल्यासाठी छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या बऱ्या. नवीन उंदीर आणला तर दोन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात.

साफसफाई ओली करा. कोरडा झाडू मारला की लघवी आणि कोंड्याची धूळ नाकात जाते. उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी प्रयोगशाळेतल्या कामगारांमध्ये ओळखीची आहे. मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, मग पुसा.

नर आणि मादी वेगळे. ज्याच्याकडे अठरा झालेत त्याच्यासाठी हा मुद्दा खास. गर्भ एकोणीस ते एकवीस दिवसांचा, एका वेतात सहा-आठ पिल्लं, व्याल्यानंतर एका दिवसात मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि पिल्लं सहा आठवड्यांत स्वतः प्रजननाला तयार. बाहेर पडायची अट न लिहिलेला लूप आहे हा! शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर नरात जास्त, मादीत कमी. कळत नसेल तर पशुवैद्यकाकडे न्या. माद्या एकत्र सुखाने राहतात, मोठे नर भांडतात. आणि जास्त झाले म्हणून शेतात सोडून देऊ नका. पांढरा उंदीर पहिल्याच रात्री घुबडाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातो.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या घरात भट्टी होते. तिशीच्या वर तापमान गेलं की उंदरांना त्रास सुरू होतो. घाम येऊन अंग थंड करायची सोय त्यांना नाही. पिंजरा सावलीत, वारा खेळेल तिथे, बाटलीत ताजं पाणी. तेवढी थंड जागा घरात नसेल तर पाळू नका, सरळ सांगतो.

चावला तर. जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पुढचं काय हे डॉक्टरांना ठरवू द्या. चाव्यानंतर किंवा शेतातल्या पाण्यात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, अंगावर पुरळ असं काही दिसलं तर "उंदीर चावला होता" किंवा "चिखलात काम केलं होतं" हे स्वतःहून सांगा. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. लेप्टोवर लवकर औषध मिळालं तर माणूस बरा होतो. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नका.

शेवटचं. उंदीर जेमतेम दोन वर्षं जगतो. एवढ्या काळात त्याच्याकडून खूप शिकता येतं, फक्त एक वही ठेवा. जन्म कधी, वजन किती, काय खाल्लं, गाठ दिसली का. ॲबी लेथ्रोप यांच्याकडे मायक्रोस्कोप होता म्हणून त्यांचं नाव राहिलं असं नाही, त्यांच्याकडे वही होती. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्या वहीपेक्षा कितीतरी जास्त जागा आहे.

एपिसोड आवडला तर त्या मित्राला पाठवा ज्याच्या पिंजऱ्यात अठरा झालेत. त्याला घाई आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!